एका तक्त्यातील माहिती दुसऱ्या तक्त्यात कशी जुळवून आणावी

समजा, एक्सेलमध्ये एका शीटवर मराठवाड्यातील ८ जिल्ह्यांत चालू असलेल्या पाण्याच्या टँकरांची संख्या आहे आणि दुसऱ्या शीटवर २०११ च्या जनगणनेतील महाराष्ट्राच्या ३५ जिल्ह्यांची लोकसंख्या आहे. लाख लोकांमागे किती टँकर हे काढायचे, तर प्रत्येक जिल्ह्यापुढे त्याची लोकसंख्या आणावी लागेल. आठ ओळी हातानेही भरता येतात. परंतु गावांची यादी समोर आली की ते जमत नाही, म्हणून पद्धत लहान तक्त्यावरच शिकून घ्यावी.

प्रथम दोन्हीकडे समान असलेला कॉलम शोधावा. सहज सुचतो तो जिल्ह्याच्या नावाचा, आणि तिथेच गाडे अडते. जनगणनेत औरंगाबाद व उस्मानाबाद अशी नोंद आहे, तर आजच्या यादीत छत्रपती संभाजीनगर व धाराशिव. बीड आणि बिड हेदेखील एक्सेलच्या लेखी दोन निराळे जिल्हे. त्यामुळे नावाऐवजी जनगणनेचा जिल्हा संकेतांक घ्यावा: नांदेड ५११, हिंगोली ५१२, परभणी ५१३, जालना ५१४, छत्रपती संभाजीनगर ५१५, बीड ५२३, लातूर ५२४ आणि धाराशिव ५२५. दोन्ही शीटवर तो ‘ए’ कॉलममध्ये लिहावा, कारण व्हीलुकअप हे फंक्शन निवडलेल्या भागाच्या पहिल्याच कॉलममध्ये शोध घेते. जनगणनेच्या शीटवर ‘बी’मध्ये नाव आणि ‘सी’मध्ये लोकसंख्या असावी.

आता टँकरच्या शीटवर रिकाम्या कॉलमच्या दुसऱ्या ओळीत बरोबरचे चिन्ह देऊन व्हीलुकअप लिहावे व कंसात स्वल्पविरामाने चार गोष्टी द्याव्यात: शोधायचा संकेतांक, म्हणजे ए२, जनगणनेच्या शीटवरील ए२ ते सी३६ हा भाग, उत्तर ज्या कॉलममध्ये आहे त्याचा क्रमांक, म्हणजे ३, आणि शेवटी शून्य. भाग निवडल्यावर लगेच एफ४ दाबून तो डॉलरच्या चिन्हांनी पक्का करावा, अन्यथा फॉर्म्युला खाली ओढताना तोही खाली सरकतो. शून्य मात्र कधीही गाळू नये. ते नसेल तर एक्सेल यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे गृहीत धरून जवळपासचे उत्तर देते, आणि चुकीची लोकसंख्या खऱ्यासारखीच दिसते.

‘एन/ए’ असे आले, म्हणजे जुळणी सापडली नाही, तर संकेतांक एकीकडे संख्या आणि दुसरीकडे मजकूर म्हणून साठवला आहे का, हे पाहावे. नावांवरच जुळवणी करणे भाग असेल, तर नावाच्या शेवटची मोकळी जागा ट्रिम या फंक्शनने काढावी.

खरा धोका ‘एन/ए’चा नाही, तो निदान डोळ्यांना दिसतो. कळंब नावाचा तालुका धाराशिव जिल्ह्यात आहे तसाच यवतमाळमध्येही आहे, आणि राज्याच्या यादीत नावाने शोधल्यास व्हीलुकअप जो आधी सापडेल त्याचीच माहिती निमूटपणे देते. अशा पुनरावृत्ती काउंटइफ या फंक्शनने आधीच मोजून घ्याव्यात.

एक्सेल २०२१ किंवा त्यानंतरची आवृत्ती असल्यास व्हीलुकअपऐवजी एक्सलुकअप हे फंक्शन वापरावे. त्यात शोधाचा कॉलम डावीकडे असण्याची अट नाही आणि तंतोतंत जुळणी गृहीतच असते.

शेवटी लोकसंख्येच्या आलेल्या आठही आकड्यांची बेरीज करावी. ती १,८७,३१,८७२ यायला हवी.