घराशेजारच्या प्लॉटवर धंद्याचं सामान ठेवायचंय? बेळगावात परवानगी कशी मागायची

भाग्यनगर, अनगोळ, वडगाव, शहापूर कुठंही बघा, सेंट्रिंगवाले, मंडपवाले, वेल्डिंगवाले सगळे आपलं सामान घराशेजारच्या मोकळ्या जागेत ठेवायलेत आणि वर्षानुवर्षं कुणी काही म्हणत नाही, मग बाजूला नवीन घर होतं, तक्रार जाते आणि नोटीस दारात येते. नोटीस आल्यावर अर्ज केला की आधी चूक केली नि आता पांघरूण घालायलेत असंच फाईल बघणाऱ्याला वाटतं, म्हणून हे काम नोटीस यायच्या आधीच करा. मी सेंट्रिंगच्या सामानाचंच उदाहरण घेतो, म्हणजे प्लेटा, बल्ल्या, जॅक, एक मिक्सर.

आधी जागा कुठल्या झोनमध्ये आहे, म्हणजे राहण्यासाठी ठरवलीय की धंद्यासाठी, ते बघा. हे महापालिकेत नाही, बुडात म्हणजे बेळगाव नगरविकास प्राधिकरणात कळतं, कारण मास्टर प्लॅन बुडाचा, १९६१ च्या नगर नियोजन कायद्याखालचा. सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा घेऊन जा आणि झोनचं सर्टिफिकेट लेखी घ्या, तोंडी "रेसिडेन्शियल आहे" म्हटलेलं काही कामाचं नाही. जागा नुसती बाँड पेपरवर लिहून घेतलेली असेल किंवा एनए (बिगरशेती) झालेली नसेल तर इथंच थांबा, आधी ते कागद सरळ करा, नाहीतर पुढची सगळी धावपळ फुकट. हिंडलगा, कंग्राळीकडं जागा असेल तर पंचायत वेगळी पण गाव बुडाच्या हद्दीत येत असेल तर झोन बुडाचाच लागतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

आता मुद्द्याचं. रेसिडेन्शियल झोनच्या नियमात दोन याद्या असतात, एक सरळ चालणाऱ्या वापराची आणि दुसरी खास परिस्थितीत प्राधिकरणानं मंजूर केलं तर चालणाऱ्या वापराची. तुमचा वापर दुसऱ्या यादीत बसत असेल तर तेवढीच मागणी करा. लोक काय करतात, एजंटाच्या नादी लागून थेट झोनच बदलून द्या असा अर्ज घालतात. ते त्याच कायद्याच्या कलम १४-ए चं काम आहे, त्याला पेपरात जाहिरात द्यावी लागते, हरकती मागवतात, सरकारची मंजुरी लागते आणि वर फी वेगळी. चार प्लेटा ठेवायला एवढा घोळ कशाला? मागणी जेवढी लहान तेवढी ती पास व्हायची शक्यता जास्त, हे मी ठामपणे सांगतो. आणि दोन्ही यादीत बसतच नसेल तर भावनेत अडकू नका, ऑटोनगर किंवा उद्यमबाग या औद्योगिक भागाकडं भाड्यानं जागा बघा, ते स्वस्त पडतं.

अर्जापेक्षा नकाशाला जास्त वेळ द्या. नुसता प्लॉटचा चौकोन काढून "सामान" असं लिहू नका. प्लेटांची थप्पी कुठं, ती किती उंच, मिक्सर कुठल्या कोपऱ्यात, टेम्पो आत वळतो की रस्त्यावर उभा राहून भरतो, शेजारच्या भिंतीपासून किती फूट सोडलंय, सगळं मापासकट दाखवा. आणि जळकं ऑईल! प्लेटांना ऑईल लावताना खाली सांडतं, पावसाळ्यात ते वाहून गटारात नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीकडं जातं, आणि आपल्याकडं जुन्या वस्तीत अजून घरोघर विहिरी आहेत, पाणी वापरतात लोक. तेव्हा ऑईल लावायची जागा सिमेंटची करून कडेला उंबरा घालणार असं नकाशातच दाखवा. हरकत घेणाऱ्याचा निम्मा राग तिथंच उतरतो.

दुसरा निम्मा राग आवाजाचा. पहाटे टेम्पोत प्लेटा आपटल्या की अख्खी गल्ली उठते. २००० च्या ध्वनी नियमांत राहत्या भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. तुम्ही स्वतःहून लिहून द्या की सकाळी ७ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर भरणं-उतरवणं नाही, मिक्सर इथं चालवणार नाही, फक्त ठेवणार. अट त्यांनी घालायच्या आधी तुम्ही घातली की बुडाच्या सभेत बोलायला फारसं उरत नाही.

अर्ज घालायच्या आधी शेजाऱ्यांकडं जा, नकाशा घेऊन जा. सही मिळाली तर उत्तम, नाही मिळाली तरी त्यांचं म्हणणं काय ते कळतं आणि सुनावणीत अचानक काही समोर येत नाही. गल्लीतले पंच आणि वॉर्डाचे नगरसेवक यांनाही जागा दाखवून ठेवा, पाहणीला माणसं आल्यावर त्यांनाच विचारतात.

कागदपत्रं कन्नडमध्ये टाईप करून घ्या. टेबलावरचा माणूस मराठी बोलतो, पण फाईल वर जाते ती कन्नडमध्येच, आणि अर्धवट भाषांतर झालं की तुम्ही मागितलेलं एक नि लिहिलेलं भलतंच होतं. मराठी प्रत आपल्याजवळ ठेवा आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका, सकाला म्हणजे कर्नाटकाच्या ठराविक मुदतीत सेवा द्यायच्या कायद्याखाली येणारी सेवा असेल तर त्याचा नंबरही घ्या.

बुडाची मंजुरी आली म्हणजे संपलं असं नाही, महापालिकेचं ट्रेड लायसन्स वेगळं, ते आरोग्य विभागाकडनं, आणि मुदत संपायच्या आधी रिन्यू करायचं. मिक्सर किंवा वेल्डिंगला करंट लागणार असेल तर हेस्कॉमला (वीज कंपनीला) लोड कळवा, घरच्या मीटरवर चालवू नका.

मंजुरीच्या पत्रातल्या अटी कन्नड वाचता येणाऱ्या ओळखीच्या माणसाकडनं ओळ न् ओळ वाचून घ्या, मगच सही करा. मंजुरी नकाशात दाखवलंय तेवढ्यालाच असते, उद्या दुसरा मिक्सर आणला तर परत अर्ज. आणि नामंजूर झालं तर कारण लेखी मागा, कुठली अट अडते ते बघून नकाशा दुरुस्त करा आणि तोच अर्ज नव्यानं घाला.