मदरबोर्ड बदलला आणि विंडोज रुसलं

वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि आमच्या विश्रामबागच्या घरातल्या पीसीचा मदरबोर्ड गेला. नवा बसवला, तर स्क्रीनच्या कोपऱ्यात ‘ॲक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं येऊन बसली. वॉलपेपरसुद्धा बदलू देईना. दुकानदार म्हणाला, “सर, स्वस्तातली नवीन प्रॉडक्ट की टाकून देतो की!” नको म्हटलं. असल्या की, म्हणजे विंडोज ॲक्टिव्हेट करायचे कोड, बऱ्याचदा कुठल्यातरी कंपनीच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या (एकच कोड अनेक मशीनसाठी) असतात, मर्यादा भरली की बंद.

आधी लायसन्स कुठलं ते बघा. कमांड प्रॉम्प्टमध्ये एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय टाईप केलं की छोट्या खिडकीत कळतं. ओईएम, म्हणजे पीसीबरोबरच आलेलं, असेल तर ते जुन्या बोर्डाबरोबरच गेलं म्हणायचं. माझं निघालं रिटेल, म्हणजे वेगळं विकत घेतलेलं: एका वेळी एकाच मशीनवर, पण दुसरीकडे नेता येतं.

मायक्रोसॉफ्ट अकाउंट आधीच जोडलेलं होतं, म्हणून निभावलं. सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन, ट्रबलशूट. तिथं ‘नुकतंच हार्डवेअर बदललंय’ या अर्थाची ओळ असते. लॉगिन केल्यावर यादीतला जुना पीसी निवडला, ‘सध्या हेच वापरतोय’ वर टिक केली, झालं काम. यादीत सगळी नावं ‘डेस्कटॉप-अमुकतमुक’ अशीच दिसतात, तेव्हा पीसीला ओळखू येईल असं नाव आधीच देऊन ठेवा.