थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स ऐकायचे कसे?

अष्टमीला महालक्ष्मीपुढे घागर फुंकणारी मी. त्यामुळे टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या या रॉक बँडमध्ये माझा कान आधी गेला तो टॉमी हॉलच्या 'जग' या वाद्याकडे. जग म्हणजे अरुंद तोंडाचं मातीचं भांडं. आपण घागरीत फुंकर घालतो; हॉल मात्र भांड्याच्या तोंडाशी माइक धरून त्यात स्वतःच्या गळ्यातला आवाज सोडायचा. तुम्हीही त्याच आवाजाचा माग धरा.

सुरुवात 'यू आर गोना मिस मी'ने करा. गाणं बँडचा गायक रॉकी एरिक्सनचं, त्याच्या आधीच्या बँडमधलं. एलिव्हेटर्सनी वाजवल्यावर १९६६मध्ये ते बिलबोर्ड या अमेरिकी मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५व्या क्रमांकापर्यंत पोचलं. हेडफोन लावा. एकदा फक्त रॉकीची किंकाळी ऐका, मग पुन्हा लावून तिच्याखाली अखंड चाललेलं डुगडुग ऐका. त्याच वर्षीचा पहिला अल्बम मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येणाऱ्या मुद्रणात, मिळाला तर मोनोच घ्या.

१९६७च्या 'ईस्टर एव्हरीव्हेअर' या अल्बमला सवड काढून बसा. 'स्लिप इनसाइड धिस हाउस' आठ मिनिटांचं आहे. शब्द समोर ठेवा, नाहीतर निम्मं हातचं जाईल. स्टेसी सदरलँडची गिटार, रॉकीचा गळा आणि जग इतके एकजीव पुन्हा कधीच झाले नाहीत. माझ्या लेखी शिखर हेच.

१९६८चा 'लाइव्ह' सोडून द्या. त्यात स्टुडिओतल्या ध्वनिमुद्रणांवर टाळ्या चिकटवल्या आहेत.

१९६९चा 'बुल ऑफ द वुड्स' लावण्याआधी थोडी पार्श्वभूमी हवी. गांजावरून पोलिसांचा ससेमिरा १९६६पासूनच मागे होता. एलएसडी हे भास घडवणारं अमली द्रव्य घेऊनच वाजवायचं हा हॉलचा आग्रह. त्यावरून आणि व्यवस्थापनावरून बँडमध्ये कुरबुरी झाल्या, जुना ड्रमर आणि बेसवादक १९६७मध्येच बाहेर पडले. रॉकीचं मानसिक आरोग्य ढासळलं. १९६९मध्ये गांजाच्या एका सिगारेटवरून तो पकडला गेला आणि तुरुंग टाळायला वेडाचा बचाव घेतल्यावर १९७२पर्यंत मनोरुग्णालयात अडकला. एका सिगारेटपायी! या बँडबद्दल बोलताना एलएसडीचं कौतुक करणारे मला म्हणूनच अजिबात पटत नाहीत.

आता तो अल्बम ऐका. जग फारसं कानी पडत नाही, रॉकीही थोडाच. भार स्टेसीने एकट्याने वाहिलाय. शेवटचं 'मे द सर्कल रिमेन अनब्रोकन' रॉकीने गायलंय, ते चुकवू नका. त्याचे पुढचे एकट्याचे अल्बम वेगळ्याच वळणाचे आहेत. ते या बैठकीत मिसळू नका, वेगळा दिवस द्या.