टी-आरएनएची काटछाट: बँड दिसला म्हणून हुरळू नका, या चुका टाळा

एन्झाइम टी-आरएनए कापतं का, हे पाहायच्या प्रयोगाच्या जेलचा (आरएनएचे तुकडे लांबीनुसार वेगळे करणारा थर) फोटो घेऊन एमएस्सीची एक विद्यार्थिनी धावत आली, "सर, कापलं!" दोन बँड, म्हणजे दोन लांबींच्या तुकड्यांचे पट्टे, दिसत होते खरे. मी विचारलं, ईडीटीए घालून एन्झाइम बंद पाडलेली तुलनेची ट्यूब कुठाय? ती लावलीच नव्हती. दुसऱ्या दिवशी लावली, तर त्यातही तेच बँड.

आमचं एन्झाइम होतं अरॅबिडॉप्सिसचं (प्रयोगशाळेतली नेहमीची एक छोटी वनस्पती) प्रोर्प-2. टी-आरएनए (प्रथिन बनताना अमिनो आम्लं आणून देणारा छोटा आरएनए) तयार होतो तेव्हा त्याच्या दोन्ही टोकांना जादा तुकडे असतात. त्यातला 5' कडचा (सुरुवातीच्या टोकाचा) तुकडा हे एन्झाइम छाटतं आणि त्यासाठी त्याला मॅग्नेशियम लागतंच. ईडीटीए मॅग्नेशियम धरून ठेवतं. तरीही आरएनए कापला जात असेल, तर कापणारा दुसराच कुणीतरी आहे. बहुतेक वेळा तो हातावरून आलेला, आरएनएज-ए कुळातला आरएनएज (आरएनए तोडणारं एन्झाइम) असतो, त्याला धातूची गरज नाही. आरएनएज निकामी करणारं डीईपीसी हे रसायन थेट ट्रिस बफरमध्ये घालू नका, ते ट्रिसशीच अभिक्रिया करून संपतं. आधी पाणी डीईपीसीने शुद्ध करून ऑटोक्लेव्ह करा, ट्रिस नंतर विरघळवा.

दुसरा चोर जास्त हुशार. प्रोर्प आपण ई. कोलाय या जिवाणूमध्ये बनवतो आणि ई. कोलायचं स्वतःचं आरएनएज-पी नेमकं तिथेच कापतं. त्यालाही मॅग्नेशियम लागतंच, त्यामुळे ईडीटीएच्या ट्यूबमध्ये तोही थांबतो आणि पकडला जात नाही. गंमत म्हणजे त्यात कापण्याचं काम आरएनए करतो (त्या शोधासाठी सिडनी ऑल्टमन यांना 1989 चं नोबेल थॉमस चेक यांच्याबरोबर मिळालं), तर प्रोर्प हे निव्वळ प्रथिन. म्हणून सक्रिय जागेतले अ‍ॅस्पार्टेट (एक अमिनो आम्ल) बदललेलं निकामी प्रोर्प त्याच पद्धतीने शुद्ध करून जेलच्या शेजारच्या लेनमध्ये (रांगेत) चालवा. ते कापत नसेल, तरच श्रेय प्रोर्पला. ही लेन नसलेला निकाल मी तरी मानत नाही.

आरएनए मॅग्नेशियमसकट उकळू नका, तुटतो. नुसत्या पाण्यात 95 अंशांवर एक-दोन मिनिटं ठेवा, थंड होऊ द्या, मग मॅग्नेशियम घाला. आरएनएची घडी नीट बसली नाही तर एन्झाइमला दोष देऊन काय उपयोग?

3' (शेवटच्या) टोकाकडचा घोळ ई. कोलायची पुस्तकं वाचून होतो. तिथे टी-आरएनएच्या शेवटचं सीसीए (सी, सी, ए ही तीन अक्षरं) जनुकातच लिहिलेलं असतं, वनस्पतींत ते नंतर वेगळं एन्झाइम जोडतं. टेम्प्लेटमध्ये (ज्या डीएनएवरून आरएनए बनवतो त्यात) आपण सीसीए आधीच घातलं, की आरएनएज-झेड (3' कडचा जादा तुकडा छाटणारं एन्झाइम) सहसा कापायला नाखूश असतं आणि आपण आठवडाभर बफर बदलत बसतो.

त्याच विद्यार्थिनीने नंतर टायरोसिनचा टी-आरएनए निवडला. दोन्ही टोकं नीट छाटली, तरी बँड हिशेबापेक्षा दहा-बारा बेसांनी मोठा. वनस्पतींच्या केंद्रकात टायरोसिन आणि इलाँगेटर (प्रथिनाची साखळी वाढवणारा) मेथिओनिन या दोन टी-आरएनएंच्या जनुकांत इंट्रॉन (मधला, नंतर काढून टाकला जाणारा तुकडा) असतो, आणि तो काढणं ना प्रोर्पचं काम, ना आरएनएज-झेडचं. एन्झाइमं बिचारी बरोबर होती, चुकला होता कागदावरचा हिशेब.