ऑक्टोबर हीटमध्ये बी टाकायची घाई नको, आधी बाल्कनीतलं ऊन बघा

मंडळी, पाऊस गेला एकदाचा. हवामान खात्याच्या हिशोबाने मुंबई-ठाण्यातून तो साधारण 8 ऑक्टोबरला निघतो, थोडं मागेपुढे होतं. आणि दरवर्षी याच दिवसांत आपल्या ग्रुपमध्ये एकच गडबड सुरू होते, पालक टाकू का, टोमॅटो कधी, फ्लॉवर बाल्कनीत येतो का. सगळ्यांना उत्तर देतेच, पण आधी एक विनंती, बियांचं पाकीट फोडायच्या आधी आपल्याकडे ऊन कुठे आणि किती वेळ पडतंय ते बघा. हिवाळी भाजी फसण्याचं आपल्या शहरातलं सगळ्यात मोठं कारण हेच आहे असं माझं ठाम मत झालंय, खत-बित नंतर.

कसं आहे बघा, मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटच्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, म्हणून उत्तरेकडच्या बाल्कनीतही तेव्हा थोडंफार ऊन येतं. आता तो रोज दक्षिणेला सरकतोय. 22 डिसेंबरच्या सुमारास ठाण्यात ऐन दुपारीसुद्धा सूर्य जेमतेम 47 अंश वर असतो, म्हणजे भर दुपारी पण बिल्डिंगची सावली जवळजवळ बिल्डिंगच्या उंचीएवढीच लांब पडते. घोडबंदर रोडला किंवा खारघरला तुमच्या दक्षिणेला 20 मजली टॉवर असेल तर 50-55 मीटरपर्यंत सावली, आणि सकाळ-संध्याकाळ तर विचारूच नका. उलट ज्यांची बाल्कनी दक्षिणेला आहे त्यांची चंगळ, हिवाळ्यात ऊन पार घरात येतं.

मी स्वतः यात फसलेय. दोन वर्षांपूर्वी उत्तरेच्या गॅलरीत टोमॅटोच्या सहा ग्रो-बॅगा (झाडं लावायच्या जाड पिशव्या) लावल्या, झाडं पाच फूट उंच गेली, हिरवीगार, पण फुलं येऊन गळायची. मी खत घालतेय, ताक फवारतेय, काही उपयोग नाही. शेवटी डिसेंबरात दोन बॅगा सोसायटीच्या टेरेसवर नेल्या आणि त्या दोनांनाच फळं धरली, खालच्या चार तशाच रिकाम्या राहिल्या. तेव्हापासून मी आधी खडू घेते. रविवारी सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता ऊन जिथपर्यंत पोचतं तिथे जमिनीवर रेघ मारा. 5-6 तास थेट ऊन असेल तर टोमॅटो, मिरची, वांगी, वाल. 3-4 तास असेल तर पालेभाज्या आणि मुळा. त्याहून कमी असेल तर पुदिना आणि पानओवा लावा, हट्टाने वांगं लावू नका. झाड जगतं, देत काही नाही.

आता माती. चार महिने पाऊस झेललेल्या कुंडीतली माती घट्ट बसलेली असते आणि त्यातलं खत बरंचसं वाहून गेलेलं असतं, त्यात तसंच बी टाकलं की पिवळी पिवळी रोपं येतात. सगळी माती जुन्या चादरीवर ओता, ढेकळं फोडा, मुळं काढा, दोन-तीन दिवस उन्हात राहू द्या. पांढरी, इंग्रजी सी सारखी वळलेली जाडी अळी दिसली तर ती हुमणी, वेचून टाका, ती मुळं खाते. मग दोन भाग ही माती, एक भाग चांगलं कुजलेलं कंपोस्ट किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), आणि 12 इंची बॅगेला मूठभर निंबोळी पेंड. सगळं कालवून, थोडं पाणी मारून आठवडाभर ठेवून द्या, पेंड मुरते तेव्हा थोडी गरम होते, लगेच रोप लावलं तर मूळ दुखावतं. कोकोपीट मात्र दोनदा धुवून घ्या, त्यात मीठ असतं. 5 किलोची वीट भिजून 70 लिटरच्या आसपास फुगते, एका घराला एवढी लागतच नाही, म्हणून आपण चार-पाच घरांत मिळून एक घेतो.

टेरेसवाल्यांना एक कळकळीने सांगते, एक घनफूट ओली माती 45-50 किलो भरते. बॅगा स्लॅबच्या मधोमध गोळा करू नका, कडेने बीमवर ठेवा, खाली विटा द्या म्हणजे पाणी वाहून जातं आणि वॉटरप्रूफिंग टिकतं. आणि कमिटीची परवानगी लेखी घ्या, तोंडी परवानगी कमिटी बदलली की जाते.

बी कुठलं? मेथीला पाकिटाची गरजच नाही, वाण्याकडची मेथी रात्रभर भिजवून टाका, तीन-चार दिवसांत वर येते आणि महिन्याच्या आत भाजी. धणे घरातलेच चालतात, पण लाटण्याने हलके रगडून दोन दाळी वेगळ्या करा, रात्रभर भिजवा, आणि घाई करू नका, कोथिंबीर उगवायला आठ ते बारा दिवस घेते आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात रुसते. दिवाळीच्या आसपास रात्री जरा गार झाल्या की टाका. मुळ्यात पुसा चेतकी हा वाण उष्णता सोसतो म्हणून तो आत्ता चालेल, 40-45 दिवसांत काढायला येतो. पालकात ऑल ग्रीन चांगला, मुळासकट उपटू नका, बाहेरची पानं खुडत राहा.

टोमॅटोचं टायमिंग महत्त्वाचं. रात्री उकडत असेल तर टोमॅटोची फुलं गळतात, फळ धरत नाही. म्हणून आत्ता ट्रेमध्ये बी, 25-30 दिवसांनी बॅगेत, म्हणजे फुलं बरोबर डिसेंबरच्या थंडीत येतात. रोप लावताना खालची पानं काढून खोड खोल पुरा, त्या खोडालाही मुळं फुटतात. ट्रे दुपारच्या उन्हात ठेवू नका आणि पाणी कमी, सकाळीच. रोपं मातीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली की समजा पाणी जास्त झालं आणि बुरशी आली, मग ती रोपं काढून टाकायची. बी पेरतानाच मातीत ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळला तर हा त्रास बराच कमी होतो. पावसाळ्यातली मिरची-वांगी टाकून देऊ नका हं, एक तृतीयांश छाटा, दोन मुठी कंपोस्ट द्या, हिवाळ्यात पुन्हा लागतात.

फ्लॉवरबद्दल माझं मत, नका लावू. एक बॅग अडीच-तीन महिने अडते आणि मिळतो एक गड्डा, तोही आपल्या हवेत पुष्कळदा बटणाएवढा. त्याच जागेत नवलकोल दोन महिन्यांत होतो. आणि वाल लावा! कोकणात भातकापणी झाली की जमिनीत उरलेल्या ओलीवरच वाल पेरतात, त्याच शेंगा जानेवारी-फेब्रुवारीत पोपटीच्या, म्हणजे शेंगा मडक्यात भरून जाळावर भाजतात त्या बेताच्या, मडक्यात जातात. घरातले कडवे वाल भिजवून टाकले तरी उगवतात, पाणीही कमी लागतं.

पाण्याचं म्हणाल तर खाडीलगत बोअरचं पाणी मचूळ लागत असेल तर ते झाडांना नको, पानांच्या कडा करपतात. भाजी-डाळ धुतलेलं बिनमिठाचं पाणी बेस्ट. थंडी पडली की वालावर आणि मुळ्यावर मावा (रस शोषणारी बारीक कीड) येणारच, घाबरू नका, आधी पाण्याच्या फवाऱ्याने धुवा, मग लिटरला 5 मिली निमतेल आणि थोडा लिक्विड सोप, संध्याकाळी, पानांच्या खालून. भर उन्हात मारलं तर पानं जळतात. वरच्या मजल्यांवर मधमाशा कमी येतात, तिथे टोमॅटोच्या फुलांचा घोस सकाळी बोटाने टिचकी मारून हलवा. दुधी असेल तर तो संध्याकाळी फुलतो, तेव्हा नर फुल तोडून मादी फुलावर टेकवा, जिच्याखाली इवलासा दुधी दिसतो ती मादी.

या रविवारी सकाळी साडेसातला सगळ्यांनी टेरेसवर या, ऊन चढायच्या आत माती कालवायचीय. ज्यांच्याकडे ऊन कमी आहे त्यांनीही या, त्यांच्या टोमॅटोच्या बॅगा आपण टेरेसवर सांभाळू आणि त्या बदल्यात त्यांनी घरी बियांचे ट्रे सांभाळायचे, सावलीतली गॅलरी त्यासाठी फार चांगली असते. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुवून, खाली दोन भोकं पाडून आणा, रोपं त्यातच भरायचीत. वाल मूठभर जास्तीचे आणा, मागच्या वर्षी शेवटच्या तीन घरांना पुरले नव्हते.