घोड्याला रंगीत साज चढवताय? मग या चुका टाळा

मार्गशीर्षात लोहा तालुक्यातल्या माळेगावला खंडोबाची यात्रा भरली की घोडेबाजाराच्या कडेनं सामानाची दुकानं लागतात, तिथले गोंडे, घुंगरमाळा, आरशाच्या झुली बघून कुणाचाही हात खिशाकडं जातोच. आता त्यात ऑनलाइन सेटची भर पडलीय, म्हणजे एकाच रंगाचं पॅड, पायाच्या पट्ट्या, कानटोपी, म्होरकी, सगळं मॅचिंग. छान दिसतं, त्यात वाद नाही, मला स्वतःला काळ्याभोर घोड्यावर पिवळं पॅड लय आवडतं. पण मग एक तक्रार हमखास ऐकू येते की "एरवी गरीब आहे हो जनावर, आज स्वारीला काढलं तर काय झालं कळेना, नुसता मान झटकतोय, उडतोय." घोड्याला काही झालेलं नसतं, दहातल्या बहुतेक वेळा अंगावर घातलेलं काहीतरी टोचत असतं, वाजत असतं नाहीतर डोळ्याच्या कोपऱ्यात हलत असतं. म्हणून पहिला उपाय तोच, चाबूक नाही, लगाम ओढणं नाही, खाली उतरायचं आणि एकेक वस्तू काढत जायचं. जी काढल्यावर घोडा निवांत होतो ती गुन्हेगार.

मान झटकतो, कान मागं टाकतो

इथं आधी कपाळपट्टी बघा. रंगीत मण्यांची नाहीतर गोंड्याची कपाळपट्टी घेताना आपण डिझाइन बघतो, माप कुणी बघत नाही, आणि ती आखूड निघाली की कानामागचा पट्टा पुढं ओढला जाऊन कानाच्या मुळाशी काचतो. बोट घालून बघायचं, कानाच्या मुळाशी बोट सहज फिरलं पाहिजे, कपाळावर पट्टी टेकलेली पण सैलसर पाहिजे. मण्यांच्या पट्टीची आतली बाजू तर हातानं चाचपाच, दोऱ्याच्या गाठी आणि तारेची टोकं तिथंच असतात, बाहेरून काहीच दिसत नाही.

कानटोपीचं तर वेगळंच आहे. आपल्याकडचे बरेच घोडे मारवाडी नाहीतर काठेवाडी रक्ताचे, त्यांचे कान आत वळलेले, टोकं एकमेकांना टेकणारी. बाजारातल्या तयार कानटोप्या सरळ कानाच्या विलायती घोड्यांच्या मापाच्या असतात, त्यात हे कान कोंबले की टोकं दुमडतात आणि घोडा सारखा डोकं हलवत राहतो. मग लोक म्हणतात माशी चावली. गावातल्या शिंप्याकडून सुती कापडाची, मापानं शिवून घ्या, स्वस्तात पडते आणि रंगही आपल्या मनासारखा.

कपाळावर लोंबणारा गोंडा डोळ्यापर्यंत येऊ देऊ नका. घोड्याचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात, त्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं, फक्त कपाळाच्या अगदी समोरचा थोडा भाग आणि शेपटीमागचा भाग दिसत नाही. म्हणजे गोंडा क्षणात दिसतो, क्षणात गायब होतो, परत दिसतो. बुजरा घोडा याच्यावरच बिथरतो.

आणि रंगाचं म्हणाल तर, लाल रंगाला घोडा भितो हे डोक्यातून काढून टाका. घोड्याला निळा आणि पिवळा चांगला ओळखू येतो, लाल-हिरव्यातला फरक त्याला नीट कळत नाही. ब्रिटनमधे शर्यतीच्या अडथळ्यांवरचा नारिंगी रंग बदलून पांढरा करायचं 2022 मधे ठरलं ते याच कारणानं, नारिंगी आपल्याला लांबून चमकतो, घोड्याला गवतात मिसळलेला दिसतो. तेव्हा लाल झूल घातल्यावर घोडा उडाला तर तो रंगाला नाही, झुलीच्या फडफडण्याला नाहीतर आरशांच्या चमकण्याला उडाला.

पाठ चोरतो, तंग कसताना चावायला येतो

सगळ्यात जास्त घोळ खोगिराखालच्या पॅडमधे आहे. दिसायला मखमल, साटीन, चकचकीत काठ, आणि आपल्याकडं लग्नसराई असते एप्रिल-मेमधे, परभणी-नांदेडचं ऊन तुम्हाला मी काय सांगू. साटीन घाम शोषत नाही, उलट घसरतं, मग खोगीर एका बाजूला सरकतं, मग आपण तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, आणखी कसतो, मग घोडा चिडतो. मूळ कारण पॅड, शिक्षा पोटाला. अंगाला लागणारी बाजू सुती, लोकरी नाहीतर नमद्याचीच, म्हणजे दाबून केलेल्या जाड लोकरीची, पाहिजे, वरून काय रंग करायचे ते करा.

पॅड घातल्यावर त्याचा मधला भाग बोटांनी वर खोगिराच्या पोकळीत ढकलायचा, आयाळ संपते तिथल्या उंच हाडावर कापड ताणलेलं राहिलं की तिथंच जखम होते. हे काम काही सेकंदांचं आहे आणि तरी निम्मे लोक करत नाहीत. पॅड पुढून मागं सरकवत बसवायचं, उलटं केलं की केस उलटे दबतात. भरतकाम, आरसे, टिकल्या खोगिराच्या आणि तंगाच्या खाली कुठंच यायला नकोत, फक्त बाहेर दिसणाऱ्या कोपऱ्यावर.

आता रंग जाण्याचं. गडद लाल, जांभळं, गडद हिरवं स्वस्त कापड घोड्याच्या घामानं हमखास रंग सोडतं, पांढऱ्या घोड्याची पाठ गुलाबी होते ते वेगळं, पण त्या रंगानं कातडी खाजते, फोड येतात. पांढऱ्याशुभ्र नुकरा घोड्याची कातडी गुलाबी, नाजूक, त्याला तर लगेच. घरच्या घरी तपासता येतं, वाटीभर कोमट पाण्यात चमचाभर मीठ टाका, पांढरं फडकं त्यात भिजवून पॅडच्या आतल्या बाजूवर जोरात घासा आणि मिनिटभर दाबून धरा. फडक्यावर रंग उतरला तर ते पॅड घामातही उतरणारच. नवं पॅड असंही आधी दोनदा धुवून, साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून मगच वापरा.

एक आपल्या भागातली भानगड म्हणजे कुसळं. रानातून, माळावरून गेलं की फरच्या पॅडच्या काठाला आणि पायाच्या पट्ट्यांना कुसळं, गोखरू चिकटतात, आणि दुसऱ्या दिवशी तेच पॅड तसंच पाठीवर. वापरायच्या आधी आतल्या बाजूवरून उघडा तळहात फिरवा, डोळ्यांना न दिसणारं कुसळ हाताला लागतं.

पाऊल आखूड टाकतो

पायाच्या रंगीत पट्ट्या फोटोत भारी दिसतात म्हणून आता सगळेच बांधायला लागलेत, पण बांधायला शिकत कुणी नाही. गुडघ्याखाली मागच्या बाजूनं ज्या जाड शिरा, म्हणजे कंडरा, जातात त्यांच्यावर पट्टी एका जागी घट्ट, एका जागी ढिली बसली की तिथं सूज येते आणि घोडा महिनोन्महिने बसून राहू शकतो. आत जाड सपाट अस्तर, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढलेला, सगळीकडं सारखा ताण, आणि वेल्क्रो पट्टीपेक्षा जास्त घट्ट ओढायचा नाही, बस. काळ्या रानातल्या चिखलात पट्ट्या बांधून नेऊ नका, भिजल्या की जड होतात, सरकतात, सुटलेलं टोक मागच्या पायाखाली आलं तर घोडा स्वार दोघंही खाली. स्वारी संपली की लगेच सोडायच्या, दिवसभर तबेल्यात शोभेला ठेवायच्या नाहीत, आत पाय तापतो. येत नसेल बांधायला तर नुसता पाय स्वच्छ धुवून न्या, पंचकल्याणी घोड्याचे चार पांढरे पाय पट्टीपेक्षा देखणे दिसतात.

पायातल्या घुंगरांचंही तेच. पितळी घुंगरू चामड्याच्या मऊ पट्ट्यावर शिवलेले असतील आणि थोडा वेळ असतील तर ठीक, तारेत ओवलेले असतील तर खुराच्या वरची कातडी सोलून काढतात. आणि पोळ्याला बैलासाठी आणलेलं सामान घोड्याला घालू नका, खरंच सांगतो. बैलाची घंटामाळ बैलाच्या मानेसाठी, बैलाच्या चालीसाठी, घोडा दुडकी धरला की ती छातीवर आपटत राहते. शिंगाला लावायचा ऑइल पेंट खुराला फासणारेही असतात, ते तर अजिबात नको. आणि पांढऱ्या घोड्यावर मेंदी काढायची हौस असेल तर साधी पानांची मेंदी, झटपट काळा रंग देणारी केमिकलवाली नाही, तिनं कातडी भाजते.

शेपूट दाबतो, लाथ झाडतो

दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारा पट्टा, बघा. गोंडे लावलेल्या दुमचीची शेपटीखालची गोल बाजू कडक झालेली असते नाहीतर टाक्यांनी खरखरीत, तिथली कातडी अगदी पातळ. तेल देऊन मऊ करा किंवा मऊ सुती कापड गुंडाळा.

शेपटीला लाल रिबन बांधायची आपल्याकडं हौस, कुणी नजर लागू नये म्हणूनही बांधतं. गावात काही अडचण नाही. पण पुण्या-मुंबईच्या रायडिंग क्लबात नाहीतर एखाद्या शोला घोडा घेऊन गेलात तर तिथं इंग्रजी पद्धत चालू शकते, आणि त्या पद्धतीत शेपटीला लाल रिबन म्हणजे हा लाथ मारतो, हिरवी म्हणजे कोवळा, नवशिका घोडा, पांढरी म्हणजे विकायचाय. तिथं विचारूनच बांधा, नाहीतर लोक उगाच चार हात लांब राहतील.

जिवावर बेतणाऱ्या गोष्टी

रिकिबीला, म्हणजे स्वार पाय ठेवतो त्या कडीला, काहीच बांधू नका. गोंडा नाही, रिबन नाही, फुलांची माळ नाही. पडताना पाय त्यातून निसटला पाहिजे, रिबनीत अडकला तर घोडा माणसाला फरपटत नेतो, याला दुसरी दुरुस्ती नाही. फेट्याचा शेमला, उपरणं खोचून घ्या. बॅटरीच्या लायटिंगच्या माळा घोड्यावर गुंडाळणं बंद करा, वायर तुटून पायात आली की वरातीत लहान पोरांच्या गर्दीत उधळलेला घोडा कुणाला आवरत नाही. त्यापेक्षा रात्री परतताना लाइट पडल्यावर चमकणाऱ्या पट्ट्या चारही पायांना आणि स्वाराच्या पाठीवर लावा, गळीत हंगामात आपल्या रस्त्यांवर रात्रभर उसाच्या ट्रॉल्या चालू असतात, हलणारा पाय चमकला की ड्रायव्हरला लांबून कळतं की पुढं जनावर आहे. पैसे खर्च करायचेच तर आधी इथं करा.

घोडा नाचावा म्हणून रंगीत लगामाबरोबर काटेरी कडियाळ, म्हणजे तोंडात घालायची लोखंडी कडी, विकतात. ओझ्याच्या आणि गाड्याच्या जनावरांसाठी 1965 चे नियम आहेत, त्यात काट्यांच्या लगामाला सरळ मनाई आहे. आणि नियम नसता तरी, तोंडातून रक्त येणाऱ्या घोड्याला कुठला साज शोभणार?

भाड्याचं सामान घेताना विचार करा. आज या वरातीत, उद्या त्या वरातीत, किती घोड्यांचा घाम त्याला लागलेला असतो. गजकर्णासारखे कातडीचे रोग असेच पसरतात, आणि ग्लँडर्ससारखा, माणसालाही होणारा रोग एकत्र वापरलेल्या सामानातून, बादलीतून जाऊ शकतो. नाकातून घट्ट स्राव किंवा अंगावर गाठी दिसणाऱ्या घोड्याजवळचं काहीही उचलू नका, सरकारी पशुवैद्यकाला कळवा.

सवय कशी लावायची

यात्रेच्या सकाळी पहिल्यांदा साज चढवणं ही सगळ्या चुकांची आई. आठवडाभर आधी सुरू करा. पहिल्या दिवशी झूल नुसती हुंगू द्या, खांद्याला लावा, घोडा स्थिर उभा राहिला की लगेच बाजूला घ्या, त्याला कळलं पाहिजे की उभं राहिलं की ती जाते. मग पाठीवर, मग हातात धरून चालवणं, मग लांब दोरीवर गोल फिरवणं, आणि मग कुठं वर बसायचं. वाजणारी वस्तू आणि फडफडणारी वस्तू एकाच दिवशी नको. घुंगरू असतील तर दाणा खाताना शेजारी वाजवत जा.

स्वारीवरून आल्यावर खरारा करायच्या आधी घामाचे डाग बघा. पाठभर घाम आणि मधेच एक कोरडा ठिपका असेल तर तिथं दाब जास्त पडलाय. तो दुर्लक्षित राहिला तर पुढं त्याच जागी पांढरे केस उगवतात आणि ते बहुतेक कायमचे. असा ठिपका दिसला की त्या दिवशीचं पॅड आणि खोगीर दोन्ही बाजूला ठेवा, घोड्याला काही दिवस पाठ मोकळी द्या, आणि खोगिराची गादी आतून गोळा झालीय का ते उसवून बघा.