डिजिटल हेल्थच्या शेअरमधे पैसे टाकताय? आधी बिल कोण भरतं ते बघा

घड्याळ ईसीजी काढतं, दंडावरचा सेन्सर शुगर थेट फोनवर दाखवतो, हे बघून कुणालाही वाटणारच की पुढचा पैसा इथेच आहे. गरज खरी आहे, त्यात वादच नाही. पण वस्तू चांगली म्हणून शेअर चांगला असं होत नाही आणि लोक नेमके इथेच फसतात.

पहिला प्रश्न, पैसे कोण देतंय? पेशंट, विमा कंपनी, हॉस्पिटल की सरकार? पेअर थेरप्युटिक्स या अमेरिकन कंपनीचं बघा. व्यसनमुक्तीसाठीच्या त्यांच्या रीसेट ॲपला 2017 मधे अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं तपासणारी सरकारी संस्था) मान्यता दिली, डॉक्टर ते औषधासारखं प्रिस्क्रिप्शनवर लिहून द्यायला लागले, पण विमा कंपन्या हव्या तेवढ्या प्रमाणात पैसे देईनात आणि एप्रिल 2023 मधे कंपनी दिवाळखोरीत गेली. मला हे फार लागलं, कारण ज्यांना त्याचा उपयोग होत होता ते पेशंटही अडकले. म्हणून डाऊनलोड किती झाले हे नंतर, आधी वार्षिक अहवालात पैसे भरणारे ग्राहक किती ते शोधा.

मग बघा कमाई एकदाच होते की परत परत. फिटनेस बँड एकदा घेतला की माणूस दोन-तीन वर्षं दुकानाकडे फिरकत नाही. शुगरचा सेन्सर मात्र नाण्याएवढा, दंडावर चिकटवायचा, मॉडेलप्रमाणे 10 ते 15 दिवस चालतो, मग काढून टाकायचा आणि नवा लावायचा, डेक्सकॉम या कंपनीचा सगळा धंदा यावरच उभा आहे, ॲबट कंपनीचा बाकी पसारा मोठा असला तरी त्यांचा लिब्रे हा सेन्सरही असाच चालतो. मार्च 2024 मधे डेक्सकॉमच्या स्टेलो या सेन्सरला अमेरिकेत प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायची परवानगी मिळाली, म्हणजे इन्सुलिन न घेणारेही गिऱ्हाईक झाले. पण परत तोच प्रश्न, खिशातून किती महिने भरतील?

मान्यतेचे शब्द नीट वाचा. 'एफडीए रजिस्टर्ड' म्हणजे फक्त नोंदणी, वस्तू तपासून पास केली असं नाही. 'क्लिअर्ड' (आधीच बाजारात असलेल्या वस्तूसारखीच आहे म्हणून परवानगी) आणि 'ॲप्रूव्हड' (जास्त कडक तपासणीनंतरची मान्यता) हेही वेगवेगळे. एफडीएच्या साइटवर डिव्हाइसचं नाव टाकून फुकट तपासता येतं, पाच मिनिटांचं काम आहे, कराच.

भावही बघा हो. फोन-व्हिडिओवरून डॉक्टर देणाऱ्या टेलाडॉकने 2020 मधे लिव्होन्गो ही शुगरसारख्या आजारांवर घरून लक्ष ठेवणारी कंपनी 18.5 अब्ज डॉलरला घ्यायचं ठरवलं, तेव्हा घरबसल्या डॉक्टर ही कल्पना जोरात होती, आणि 2022 मधे त्याच टेलाडॉकला 13 अब्ज डॉलरहून जास्त गुडविल (कंपन्या विकत घेताना त्यांच्या मालमत्तेच्या वर मोजलेली रक्कम) हिशोबातून काढून टाकावं लागलं. धंदा बंद पडला नव्हता, किंमत जास्त मोजली होती.

डेटा कुठे ठेवतात, कुणाला विकतात, हे प्रायव्हसी पॉलिसीत वाचा. गोलगोल भाषा दिसली की मी तरी ती कंपनी सोडून देते.

शेवटी कंपनी तोट्यात असेल तर हातातली रोकड भागिले दर तिमाहीला जाणारा पैसा, एवढा भागाकार करा. उत्तर चारच्या खाली आलं तर वर्षभरात त्यांना नवे पैसे उभे करावे लागणार, बहुतेक नवे शेअर काढून, आणि तुमचा वाटा तेवढा कमी होणार.